गळकी ज्वारी

आमच्या विभागात माझ्या ज्वारीला सगळे "गळकी" म्हणायचे. नाव पाडलं माझ्या मार्गदर्शक सरांनी. मग ते प्रयोगशाळेतल्या मुलींनी उचललं, शिपायानं उचललं आणि पार कॅन्टीनपर्यंत गेलं. जिन्यात गाठ पडली की सर विचारायचे, "काय, गळकी काय म्हणते?" आणि आपणच हसायचे. मी म्हणायचे, "मजेत आहे सर, तुमची आठवण काढते." तोंड माझं पहिल्यापासून असंच. त्याचा आजवर काडीचा फायदा झालेला नाही, पण ते बंद ठेवायला मला कधी जमलं नाही.

गळकी का, ते सांगते. ज्वारीचं पान खालच्या अंगानं बघा, नाहीतर ते ताटाला, म्हणजे खोडाला, जिथं बिलगतं तिथं बघा. पांढरी भुकटी दिसते. बोट फिरवलं की बोटाला येते. बघणाऱ्याला धूळ वाटते, पण ते मेण असतं, झाडानं स्वतः तयार केलेलं. त्या भुकटीखाली एक पातळ, चिवट थर असतो आणि त्याच्याखाली पेशींच्या भिंती. सोलापुरात राहणाऱ्याला हे समजावणं सोपं आहे. नवा कोरा टॉवेल घेऊन अंग पुसायला जा, पाणी टिपतच नाही, नुसतं इकडचं तिकडं ढकलतो. चार धुण्यांनंतर कुठं तो कामाला येतो. साध्या ज्वारीचं पान त्या कोऱ्या टॉवेलासारखं. त्यावर निळ्या रंगाचा थेंब ठेवला आणि थोड्या वेळानं धुऊन टाकला, तर पान जसंच्या तसं. माझ्या ज्वारीच्या पानावर मात्र निळा डाग राहायचा. रंग आत शिरायचा.

बी मला केम गावी मिळालं, मावशीच्या रानात. त्या वर्षी जमिनीत ओल नव्हती, सगळी ताटं पानांच्या सुरळ्या करून उभी होती, आणि मधेच काही ताटं पानं उघडी टाकून बिनघोर. मावशी म्हणाली, "ती येडी हायत, त्यास्नी ऊन कळत न्हाय." मी त्या येड्यांची कणसं ओढणीत बांधून आणली.

पुढची वर्षं मी त्यांच्या भिंती तपासण्यात घालवली. पेशीची भिंत म्हणजे साखरेच्या लांबलचक साखळ्यांची वीण. त्या साखळ्यांना जागोजागी ॲसिटिलचे बारीक गोंडे लटकलेले असतात. व्हिनेगरमध्ये जे आम्ल असतं त्याच्याच घरातलं हे प्रकरण. पानं वाळवून, कुटून, त्यात अल्कली घातली की गोंडे सुटून येतात आणि मोजता येतात. माझ्या ज्वारीत ते कमी निघायचे, दर वेळी कमीच. गोंडे कमी पडले की वीण वेगळी बसते, वरचा थर तिच्यावर नीट बसत नाही, पानावरची बारीक लव आडवी पडते आणि रंग आत जातो. इथवर सरांना मान्य होतं.

भांडण पुढं होतं. गळकं पान पाणी तोडल्यावर सगळ्यांच्या आधी मान टाकणार, असं कुणीही म्हणेल. होत होतं उलट. कुंड्यांचं पाणी बंद केलं की साधी ज्वारी गुंडाळून जायची आणि गळकी उभी. माझं म्हणणं असं, की आपल्या भिंतीत काहीतरी बिनसलंय हे झाडाला आतून कळतं, त्यामुळं ते कायम सावध असतं. पानावर जी बारीक तोंडं असतात, ज्यातून पाणी उडतं, ती ते इतरांच्या आधी मिटून घेतं. सर म्हणायचे, "काही नाही गं, तुझ्या झाडांवर मेणाची भुकटी जाड आहे, तीच त्यांना तगवते. भिंतीबिंतीचा काही संबंध नाही."

"मग रंग आत कसा जातो सर?"

"जात असेल कुठंतरी फटीतून."

फटीतून म्हणे! मी खोलीबाहेर येऊन दार जरा जोरातच लावलं.

पण दार आपटून पोट भरत नाही. माझ्या पीएच.डी.ची मुदत संपली होती. मुदतवाढ द्यायची की नाही हे ठरवायला समिती बसणार होती. समिती म्हणजे सर आणि बाहेरगावाहून येणाऱ्या एक मॅडम. त्या नाही म्हणाल्या की माझी नोंदणी रद्द, आणि कुंड्या गुलाबाच्या वाफ्यात रिकाम्या. माझ्या कुंड्यांचं जाळीचं शेडनेट जिथं होतं तिथं दुचाक्यांचं पार्किंग व्हायचं होतं. व्हायचं होतं कसलं, शेडनेटच्या बाहेर चुन्याच्या रेघा मारूनही झाल्या होत्या. रोज त्या रेघा ओलांडून मी कुंड्यांना पाणी घालायला जायचे आणि रोज जाणूनबुजून एखाद्या रेघेवर चप्पल घासायचे.

एकदा कार्यालयातल्या एक बाई माझ्या हातांकडं बघत गोड आवाजात म्हणाल्या, "तुम्हाला त्या ज्वारीची एवढी माया का, ते कळतं हो आम्हाला." माझ्या हातांवर, गळ्यावर, एका डोळ्याच्या कडेला कोडाचे पांढरे डाग आहेत. मी म्हणाले, "बाई, माझ्या कातडीचा आणि ज्वारीच्या पानाचा संबंध लावायचा असेल तर आधी दहावीचं विज्ञान पुन्हा वाचा." त्या दिवसापासून माझ्या रजेचे अर्ज त्यांच्या टेबलावर अडकायला लागले. अडकू देत. झाड झाडाच्या जागी, मी माझ्या जागी. मला ती ज्वारी धरून ठेवायची होती कारण ती खरं सांगत होती आणि कुणी ऐकत नव्हतं.

आता अप्पांबद्दल सांगायला हवं. अप्पा म्हणजे माझे वडील. आमचं घर देवळाच्या सेवेतलं. गल्लीतल्या महादेवाची पूजा आणि आसपासच्या घरांना बेल पोचवणं, हे अप्पांचं आयुष्यभराचं काम. आई मी लहान असताना गेली, त्यामुळं पहाटे अप्पांच्या शेजारी बसून बेल निवडणं हाच माझा खेळ होता. परडी मधे, एका बाजूला ओलं फडकं. प्रत्येक पान दोन्ही अंगांनी पुसायचं. तीन दळं अखंड असलेलं पान ताटात, आणि भोक पडलेलं, कडेला खाल्लेलं, पिवळं पडलेलं बाहेर. एकदा मी भोकाचं एक पान ताटात टाकलं. अप्पांनी ते बरोबर शोधून काढलं.

"कीड खाऊन गेली तरी हिरवं हाय की अप्पा," मी म्हणाले.

"देवाला चालत न्हाय," अप्पा म्हणाले आणि पान बाहेर टाकलं.

मी शाळेत वरच्या वर्गात गेले तेव्हा बोटांवर डाग उठायला लागले. आत्या आली होती. तिनं माझे हात उलटसुलट करून बघितले आणि अप्पांना म्हणाली, "देवाच्या पानाला हिचा हात नगं." दुसऱ्या दिवशी मी उठून बसले तर परडी अप्पांच्या पलीकडच्या बाजूला. ते एकटेच पानं पुसत होते, माझ्याकडं न बघता. मला कुणी रागावलं नाही, काही सांगितलंही नाही. मी चहा ठेवायला उठले. त्यानंतर परडी कधी माझ्यापुढं आली नाही आणि मीही मागितली नाही. मागायची काय? मी कुणाच्या देवाची भिकारीण नव्हते. त्याच वर्षी मी ठरवलं की शिकायचं तर पानांचंच शिकायचं.

तर समितीचा दिवस. शिवरात्र होऊन गेली होती, आणि शिवरात्रीनंतर सोलापूरचं ऊन कसं असतं ते वेगळं सांगायला नको. कुंड्यांचं पाणी मी आधीच तोडून ठेवलं होतं. सकाळी मॅडमना आणायला स्टेशनवर जायचं होतं, शिपाई लग्नाला गेलेला, आणि आमच्या आवारात शेळ्या मोकाट. मागं एकदा एका शेळीनं माझ्या प्रयोगाचा कोपरा चरून टाकला होता. आदल्या रात्री मी घरी ही रड सांगत होते, अप्पा ऐकत होते. म्हणाले, "मी बसतो की. पावणे येणार हायत न्हवं? तू जा, बिनघोर जा."

त्यांनी कधी माझं काम बघितलं नव्हतं. मला बरं वाटलं. मी त्यांना शेडनेटमध्ये स्टुलावर बसवलं, शेजारी पाण्याची बादली ठेवली आणि गेले.

मॅडम कमी बोलणाऱ्या निघाल्या. रिक्षात त्यांनी एवढंच विचारलं, "तुमचे सर म्हणतात, तुम्ही ऐकत नाही."

"ऐकते मॅडम. पटत नाही."

रिक्षा आवारात शिरली.

शेडनेटच्या दाराशी सर उभे होते. आम्ही आत गेलो. अप्पा स्टुलावरून उठले, हातात ओलं फडकं. बादलीत साबणाचा फेस. चेहरा असा फुललेला, की तसा मी किती वर्षांत बघितला नव्हता.

"लई धूळ बसली हुती," ते म्हणाले. "समदी पानं पुसली. दोन्ही अंगांनी. आरशावानी केली बघ."

मला आधी कळलंच नाही. मी ठरल्याप्रमाणं निळा रंग काढला, साध्या ज्वारीवर थेंब ठेवले, गळकीवर थेंब ठेवले, वेळ झाल्यावर धुतले. साध्या ज्वारीवर निळा डाग. गळकीवर निळा डाग. दुसऱ्या पानावर तेच. तिसऱ्यावर तेच. मी पानाखालून बोट फिरवलं. गुळगुळीत. भुकटीचा कण नाही. साबणानं रगडून मेण काढलं की कुठल्याही पानात रंग शिरणारच. माझ्या सगळ्या कुंड्या अप्पांनी देवाला वाहायच्या बेलासारख्या पुसून ठेवल्या होत्या.

"फरक कुठाय?" सर म्हणाले. आवाजात आनंद लपत नव्हता. "मॅडम, मी तुम्हाला म्हणालो होतो."

"हे गृहस्थ कोण?" मॅडमनी विचारलं.

"यांचे वडील. देवळात असतात," सर म्हणाले. 'देवळात असतात' हे त्यांनी असं म्हटलं, की अप्पांनी फडकं मागं लपवलं.

ते फडकं मागं गेलेलं मी बघितलं आणि माझं डोकं सणकलं. अप्पांवर नाही. अप्पांवर नंतर भडकले, ते सांगतेच.

"व्हय, माझे वडील हायत," मी घरच्या भाषेतच म्हणाले. "आणि सर, तुम्ही म्हणत होता ना, गळकीला भुकटी तगवते? बघा, भुकटी कुठंय आता? एकीवर नाही, दुसरीवर नाही. दोघी उघड्या. आता भुकटीमुळं तगत असेल तर आज दुपारी गळकीनं साध्या ज्वारीच्या बरोबरीनं मान टाकली पाहिजे. टाकते का बघू. तुम्ही जेवून या. कुंड्या मी उन्हात काढते."

हे बोलेपर्यंत मला स्वतःलाही ते सुचलेलं नव्हतं. बोलता बोलता कळत गेलं, आणि हेही कळलं, की उलटं झालं तर तिथंच सगळं संपणार.

सर म्हणाले, "हा काय पोरखेळ आहे का? नियोजन नाही, काही नाही."

मॅडमनी घड्याळ बघितलं. "माझी गाडी संध्याकाळी आहे," त्या म्हणाल्या. "येते मी जेवून."

ते गेले. अप्पा आणि मी एकेक कुंडी उचलून बाहेर आणली आणि पार्किंगच्या त्या चुन्याच्या रेघांवर मांडली, साधी आणि गळकी आलटून पालटून. ऊन डोक्यावर आलं होतं. मग आम्ही कडुलिंबाच्या सावलीत बसलो. अप्पांनी घरून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आणली होती. त्यांनी भाकरी मोडली आणि हातातच धरून बसले.

"चुकलं व्हय माजं?"

"चुकलं."

"पावणे येणार म्हणलीस. घाण पान कसं दावायचं पावण्यास्नी?"

इथं मी भडकले. आवारात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "घाण नव्हतं ते अप्पा! त्याचंच होतं, त्याच्या अंगचं होतं. तुम्हाला सगळं घाणच दिसतं. डागाचं पान घाण, भोकाचं पान घाण. काढायचं आणि बाजूला टाकायचं. विचारायचं नाही, सांगायचं नाही, नुसती परडी सरकवायची पलीकडं!"

परडीचं मला बोलायचं नव्हतं. इतकी वर्षं बोलले नव्हते. तोंडातून गेलं ते गेलं. अप्पा भाकरीच्या तुकड्याकडं बघत राहिले. चटणी तशीच राहिली, मुंग्या आल्या.

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "ती गुंडाळाय लागली बघ."

मी धावत गेले. साधी ज्वारी. पानांच्या कडा आत वळत होत्या. शेजारची गळकी उघडी होती. मी खाली बसले, मातीत हात टेकून, आणि प्रत्येक कुंडीपाशी जाऊन आले. पुन्हा सावलीत यायचं भानच राहिलं नाही. अप्पांनी येऊन माझ्या डोक्यावर ते ओलं फडकं टाकलं आणि परत जाऊन बसले.

मॅडम आणि सर परत आले तेव्हा साध्या ज्वारीच्या पानांच्या पुंगळ्या झाल्या होत्या. मॅडमनी मला दूर उभं केलं, कुंड्यांवरच्या चिठ्ठ्या न बघता कुठली गळकी हे स्वतः ओळखायला घेतलं आणि मग चिठ्ठ्या वाचल्या. एक चुकली. एक गळकी साध्या ज्वारीसारखीच गुंडाळलेली होती. का, ते मला आजही सांगता येत नाही. बाकी सगळ्या बरोबर.

"योगायोग," सर म्हणाले.

"असू शकतो," मॅडम म्हणाल्या. "एका दुपारच्या जोरावर मी सही करत नाही." मग माझ्याकडं वळून, "पुन्हा करा. निम्मी झाडं पुसून, निम्मी तशीच ठेवून. तोपर्यंत निर्णय राखून ठेवते. पुन्हा असंच आलं तर मुदतवाढ. नाही आलं तर आग्रह सोडायचा. कबूल?"

"कबूल."

"पण जागा कुठाय?" सर म्हणाले. "इथं आता पार्किंग होणार."

मला जागा सुचेना. आणि मागून अप्पा म्हणाले, "देवळाची गच्ची रिकामीच हाय की."

आमच्या घराशेजारी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचे गठ्ठे वाहणारा एक टेम्पोवाला राहतो. त्यानं रिकाम्या फेरीत कुंड्या आणून दिल्या. मागून पेरलेली कोवळी झाडं विभागामागं होती, अप्पांच्या फडक्यातून सुटलेली; नव्या प्रयोगासाठी तीही आणली. गच्चीवर ताटं हलायला लागली तशी गल्लीतली मंडळी विचारायला आली. एकजण म्हणाले, "देवळावर ज्वारी? हे काय नवीन?" अप्पा पायरीवर बसले होते. "सकाळी भाकरी खाऊन आलाव न्हवं? ती कशाची हुती?" त्यानंतर कुणी विचारलं नाही.

पाणी तोडलं, झाडं तहानली, आणि पुसायचा दिवस आला. अप्पा फडकं घेऊन आधीच हजर. मी त्यांना लाल दोरा बांधलेल्या कुंड्या दाखवल्या. एवढ्याच पुसायच्या, बाकीच्यांना हात लावायचा नाही. हे त्यांना फार जड गेलं. पुसलेलं झाड आणि शेजारी न पुसलेलं, त्यांना बघवेना. "तेवढं एक पान पुसू दे," म्हणायचे. "पावण्या बाई काय म्हणतील?"

"अप्पा, हात लावाल तर मी गच्चीवरून उडी टाकीन."

"टाक. खाली मंडप हाय, काय हुत न्हाय तुला."

पण नाही लावला हात. न पुसलेल्या कुंडीपाशी आले की फडकं खांद्यावर टाकायचे, हात पाठीमागं बांधायचे आणि पुढं जायचे. मी जिन्यापाशी उभी राहून बघत होते. एका कुंडीपाशी ते थांबले, वाकले, पानाखाली बोट घातलं आणि बोटावरची पांढरी भुकटी उन्हात धरून बघितली. मग ती दुसऱ्या बोटानं पुसून टाकली नाही, तसंच बोट वर धरून पुढं गेले.

मॅडम आल्या, मागोमाग सर. चप्पल खाली काढावी लागली, गच्ची तापलेली, त्या टाचांवर चालत होत्या, पण एकही कुंडी सोडली नाही. न पुसलेल्या साध्या ज्वारीवर रंग चढला नाही, पुसलेलीवर चढला. गळकीवर दोन्हीकडं चढला. आणि पाण्याविना उन्हात पुसलेली साधी ज्वारी सगळ्यांत आधी गुंडाळली, मग न पुसलेली. गळकी, पुसलेली आणि न पुसलेली, दोन्ही उघडी राहिली. भुकटी होती तरी उभी आणि भुकटी नव्हती तरी उभी. म्हणजे जे काय होतं ते भुकटीच्या खाली होतं. मॅडमनी गच्चीच्या कठड्यावर कागद ठेवून सही केली आणि म्हणाल्या, "अजून पुष्कळ बाकी आहे. सावध का राहते, कशी राहते, ते काही अजून कळलेलं नाही."

"माहीत आहे मॅडम."

"आणि ते गळकी नाव बदला. लेखात बरं दिसत नाही," सर खाली उतरता उतरता म्हणाले.

"नाव तुम्हीच ठेवलंत सर," मी म्हणाले. "आता तेच राहणार." आणि राहिलं. कुंड्यांवर मी ते ऑइल पेंटनं लिहून घेतलं.

त्यानंतरच्या सोमवारी मी नेहमीसारखी पहाटे उठून चहा ठेवायला निघाले. अप्पा बेल निवडायला बसले होते. माझी चाहूल लागली तसे ते थांबले आणि परडी उचलून मधे ठेवली. मधे, म्हणजे त्यांच्या आणि माझ्या. फडकं पिळून परडीच्या काठावर टाकलं.

"बस," म्हणाले. "माजे डोळे दुखाय लागल्यात."

डोळ्यांना काही झालेलं नव्हतं त्यांच्या. मी उभीच राहिले. बसावं असं लगेच वाटलं नाही. मला राग आला होता, खरं सांगते. इतकी वर्षं, आणि आता डोळे दुखतायत म्हणून? मग त्यांनी वर बघितलं, सरळ माझ्या हातांकडं, जसं इतकी वर्षं कधी बघितलं नव्हतं. आणि नजर काढली नाही. मी बसले.

पानं पुसत गेले. हात विसरले नव्हते. मधेच एक पान आलं, मधल्या दळाला किडीनं पाडलेलं भोक, मुगाएवढं. बोटांनी ते आपसूक बाहेर टाकलं. अप्पांनी हात लांब करून ते उचललं, पुसलं आणि ताटात ठेवलं.

"अप्पा, भोक हाय त्याला."

"दिसतंय मला," ते म्हणाले. "हिरवं हाय की."